हरलेल्या डावाचे भांडवल

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अशा यशानंतर नवख्यांची पावले ऑनलाइन पटाकडे वळावीत, हे स्वाभाविकच आहे. परंतु तेथे गेलेला नवखा खेळाडू बहुधा मानांकनाच्या आकड्यामागे धावू लागतो. ३-३ मिनिटांचे वीस डाव एका रात्रीत खेळायचे, हरताच त्वेषाने पुढचा मांडायचा! श्रम पुष्कळ; संचय शून्य.

आर्पाड ईलो यांची मानांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन मानांकनही त्याच धर्तीचे आहे. त्याआधारे खेळाडूची गाठ सामान्यतः बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी घातली जात असल्याने निम्म्याच्या आसपास डाव हरणे क्रमप्राप्तच ठरते. प्रश्न उरतो तो या पराभवांचे आपण काय करतो, हा.

नवख्यांचे बहुतेक डाव घोडा वा उंट फुकट दिल्यामुळे जातात. यास्तव निदान १५ मिनिटांचा एकच डाव खेळावा. प्रत्येक चालीपूर्वी प्रतिपक्ष कोठून शह देईल, काय मारील, हे पाहावे. आणि डाव संपल्यावर संगणकाला विचारण्याआधी आपली चूक आपणच शोधावी. संगणक उत्तर क्षणात देतो, शोधण्याची सवय देत नाही. गाइडातील उत्तरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची अनोळखी प्रश्नापुढे जी गत होते, तीच मग पटावरही होते.

हरलेला डाव हेही भांडवलच आहे. तपासला तर तो व्याज देतो. विसरला तर मुद्दलही बुडते.