चोर सोडून संन्याशाला फाशी

परवा रात्री दोनपर्यंत जागून आम्ही प्रॉडक्शनचा एक बग शोधत होतो. लॉगमध्ये एक संशयास्पद ओळ दिसली. "सापडलं कारण!" असा मेल ठोकला आणि झोपलो. सकाळी कळलं, सर्व्हर आधी पडला होता आणि ती ओळ त्यानंतर छापली गेली होती. म्हणजे कारण नाही, परिणाम!

हे सांगायचं कारण म्हणजे माझी मावशी. गेल्या वर्षी दोन-अडीच महिन्यांत तिला दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं. आधी "मळ असेल", मग "वय झालं" (वय वर्षं ५१!). शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, ऑटोइम्यून असावं. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच कानावर उलटलेली. "असावं" म्हणजे? टेस्ट नाही? तर खात्रीची अशी नाही. स्टेरॉइड द्यायचं, फरक पडला तर तेच होतं म्हणायचं. मला काही हे झेपेना. मग वाचत बसलो.

१९७९ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या ब्रायन मॅकेब यांनी असे १८ पेशंट पहिल्यांदा एकत्र मांडले. तेव्हापासून प्रश्न एकच आहे, हल्ला नेमका कशावर होतो? अडचण अशी की आतला कान कवटीतल्या अत्यंत कठीण हाडात बसलेला. तुकडा काढून तपासावा तर उरलंसुरलं ऐकणंही जायचं. मग रक्तातल्या अँटिबॉडीजवरून माग काढायचा. थोडक्यात, सर्व्हरला हात न लावता फक्त लॉग वाचायचे.

१९९० मध्ये हॅरिस आणि शार्प यांनी गुरांच्या आतल्या कानातली प्रथिनं वजनानुसार वेगळी केली आणि पेशंटच्या सीरमशी जुळवून पाहिली. बऱ्याच जणांत ६८ किलोडाल्टनच्या जागी पट्टी उमटली. १९९५ मध्ये संशय हीट शॉक प्रोटीन ७० वर गेला. आता हे प्रोटीन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं आणि ताण आला की इतर प्रथिनांना सांभाळतं. मग फक्त कानच का जावा? पुढे २००३ मध्ये निरोगी लोकांच्या रक्तातही त्याविरुद्धच्या अँटिबॉडीज दिसल्या. संन्याशाला फाशी देऊन झाली होती!

माझं म्हणणं एवढंच आहे. पेशी फुटल्या की आतली प्रथिनं बाहेर पडतात आणि अँटिबॉडीज त्यानंतरही बनू शकतात. त्यामुळे रक्तात अँटिबॉडी सापडणं हा पुरावा नव्हे. बग रिप्रोड्यूस करून दाखवा. मिशिगन विद्यापीठात थॉमस कॅरी यांच्या गटाने तेच केलं. आतल्या कानातल्या आधारपेशींना चिकटणारी एक अँटिबॉडी त्यांनी प्राण्यांना दिली, तेव्हा कानाला इजा झाली. २००४ मध्ये तिचं लक्ष्यही सापडलं, सीटीएल२ नावाचं प्रोटीन. त्याच वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी उंदरांमध्ये कॉक्लिन वगैरे कानातल्या प्रथिनांचे तुकडे टोचून बहिरेपणा घडवला. तिथे मुख्य हल्लेखोर अँटिबॉडी नव्हतीच, टी-पेशी होत्या. म्हणजे जे लॉगमध्ये सहज दिसतं, तेवढंच आपण शोधत राहिलो की काय?

"औषध लागू पडतंय ना, मग लक्ष्य कशाला शोधायचं?" असं एक मित्र म्हणाला. अरे बाबा, लक्ष्य माहीत नाही म्हणून सगळी प्रतिकारशक्तीच दाबावी लागते. साप साप म्हणून भुई धोपटायची! स्टेरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. त्याऐवजी मेथोट्रेक्सेट चालेल असं वाटत होतं, पण २००३ च्या चाचणीत स्टेरॉइडने परत आलेलं ऐकणं टिकवण्यात ते नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. २०१४ मध्ये स्टेरॉइड न लागू पडलेल्या १० पैकी ७ जणांना अ‍ॅनाकिन्राने फायदा झाला. आशादायक आहे, पण माणसं फक्त दहा.

मावशीचा डावा कान बराच परत आला, उजवा गेला तो गेलाच. महिनाभर आधी गेली असती तर? माहीत नाही. आता मी पुटपुटलो की म्हणते, "अरे, या बाजूला येऊन बोल."

असो. घरात कुणाचं ऐकणं काही आठवड्यांत कमी होत असेल तर "वय झालं" म्हणू नका. त्याच आठवड्यात ऑडिओग्राम काढा आणि कानाच्या डॉक्टरांना गाठा. लक्ष्य सापडेल तेव्हा सापडेल, मेलेल्या केसपेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत.