सवाब नको, पाळ्या लावा

माझ्या खालाचा मुलगा 29 वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. मोहल्ला त्याला 'अल्लाह की गाय' म्हणतो आणि स्वतःला फार प्रेमळ समजतो. याच मोहल्ल्यानं गेल्या ईदला त्याला पहिल्या सफमधून उठवून चपलांजवळ बसवलं.

खाला अजूनही त्याला एकटीनं आंघोळ घालते, दाढी करून देते. रमजानमध्ये तिच्या दारात रेशनचं किट येतं, फोटो निघतो. उरलेले अकरा महिने स्वतःचा गुडघा दाखवायला दवाखान्यात जायचं म्हटलं, तर त्याच्याजवळ दोन तास बसायला कुणी नाही. 'तुला जन्नत नक्की' असं सांगून आपण मोकळे!

सूरह निसाची पाचवी आयत काढून बघा. ज्यांना आपला माल सांभाळता येत नाही, त्यांच्या खाण्या-कपड्यांची सोय करा, एवढं सांगून ती थांबत नाही. त्यांच्याशी भलं बोला, असंही सांगते. आपण किट देतो आणि 'पागल' म्हणतो.

कागदांचं तर विचारूच नका. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडीलही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, ओपीडी आणि थेरपीसकट. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑनलाइन फॉर्म बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि हा एक फॉर्म भरायला मी सहा वर्षं लावली. ट्रस्टींना शिव्या देण्याआधी हे सांगायलाच हवं.

आता ट्रस्टी. 'निधी नाही' म्हणतात, पण एसी बसले. फज्रपासून जोहरपर्यंत मशिदीचा हॉल कुलपात असतो. तो उघडा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली विशेष शिक्षिका पगारावर ठेवा. नुसत्या दयेनं कुणाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. पगाराला जकात चालते का, यावर वाद घालण्यापेक्षा लिल्लाह रकमेतून द्या. शेजारच्या गल्लीतल्या हिंदू घरातलं मूल आलं तर त्यालाही घ्या, त्याच्या आईचे गुडघेही दुखतच असतील.

आणि दोस्तांनो, शिक्षिकेच्या मदतीला माणसं लागतील, ती आपणच. सेल्फी नको, आठवड्यातून दोन तास द्या.

'माझ्यामागे याचं काय?' हे खाला आता रोज विचारते. या जुम्म्याला मी हॉलची चावी मागणार आहे. शनिवार सकाळ माझी. बाकीच्या वारांना अजून नावं नाहीत.