आजवा किती?

ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात दोन माणसं भेटली की तब्येतीची विचारपूस मागाहून होते. आधी प्रश्न येतो, "आजवा किती?" आणि लगोलग, "काळाघोडा?" परगावच्या पाहुण्याला वाटावं, सोन्या-चांदीचा भाव चाललाय. पहिला आकडा सयाजी सरोवराच्या पातळीचा, दुसरा कमाटीबागेपाशी काळ्या घोड्याच्या पुलाखालून वाहणाऱ्या विश्वामित्रीचा. पुण्याला दिलेली माझी बहीण राखीपौर्णिमेपासून गणपतीपर्यंत रोज रात्री फोन करून हेच दोन आकडे विचारते. आजवा 211 च्या खाली आणि काळाघोडा पंधराच्या आत असला, की मग भाच्याच्या परीक्षेचा विषय निघतो.

यंदाच्या आमच्या दिवाळी अंकाला पाणी हा विषय घ्यायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या एकाने कुरकुर केली. चकली आणि लीलो चेवडो पुढ्यात घेऊन बसलेला वाचक पूर कशाला वाचेल, हे त्याचं म्हणणं. म्हणणं रास्त आहे. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही, तो न विचारता घरात शिरला आणि बैठकीत बसला.

आमचं कार्यालय दांडिया बाजारात, आजोबांच्या वाड्यातल्या उरलेल्या दोन खोल्यांत. जिना अरुंद, भिंती जाड, मोबाइलला रेंज नाही. मात्र ही जुनी वस्ती उंचावर आहे. पाऊस धो धो कोसळला की रस्त्यावर गुडघाभर पाणी साठतं, सुरसागराकडून येणारे स्कूटर ढकलत येतात, दुकानदार उंबऱ्याशी पोती रचतात. तासा-दोन तासांत पाणी ओसरतं. नदी मात्र इथवर आल्याचं आजोबांनी कधी सांगितलं नाही. 1927 च्या पुराच्या गोष्टी ते रंगवून सांगत, पण त्या सगळ्या 'तिकडच्या', नदीकाठच्या. तिकडे शेतं होती, कोतरं होती, बाभळी होत्या. राहायला कोणी जात नसे.

वडील गेले. 1988 साली त्यांनी मुजमहुड्याला प्लॉट घेतला. नदीवरून वारा येतो, हे त्यांचं मोठं कौतुक. घरासमोर मोकळी जागा, मागे चिकू, खाली एक लांबट खोली. त्या खोलीत आमच्या अंकाचे जुने गठ्ठे ठेवले, कारण दांडिया बाजारच्या जिन्यावरून ते वर चढवायला हमाल तयार नव्हता.

26 ऑगस्ट 2024, गोकुळाष्टमी. दिवसभर पाऊस. रात्री काळाघोड्याने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. पुढे पाऊस मंदावला, आम्ही सुस्कारा सोडला आणि पाणी वाढतच राहिलं. वडोदऱ्याच्या पुराची ही खोड नवख्याला कळत नाही. इथे पूर दोन तऱ्हेचे. एक डोक्यावरून येतो, तो दांडिया बाजार, रावपुरा आणि अलकापुरीच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यातला. दुसरा वरून, पावागडच्या अंगाने, आजव्याहून चालत येतो आणि येतो तेव्हा आभाळ निवळलेलंही असू शकतं. त्या वेळी विश्वामित्री 37 फुटांच्या आसपास गेली. आमच्या त्या लांबट खोलीत छातीइतकं पाणी तीन दिवस होतं.

चौथ्या दिवशी दार ढकललं तर उघडेना. आतून गठ्ठे फुगून दाराला टेकले होते. गंमत अशी, की सत्तरच्या दशकातले, खिळ्यांनी छापलेले, साध्या पिवळट कागदाचे अंक दोरीवर वाळत घातले आणि बरेचसे वाचले. वाकडे झाले, पण पान पानापासून सुटलं. आम्ही अभिमानाने गुळगुळीत आर्ट पेपरवर काढलेले अलीकडचे अंक मात्र वीट होऊन बसले. त्या कागदावरचा मातीचा लेप ओला झाला की डिंकासारखा धरतो, मग सुरी घातली तरी पान सुटत नाही. विम्याचा माणूस आला, त्याने विटांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "रद्दीचा भाव धरू?" बावीस वर्षांची संपादकीयं त्यात होती. मनात म्हटलं, धरा. काहींना तोही जास्तच होता.

तेव्हापासून या पाण्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. थोडं इथे मांडतो.

आजव्याचा तलाव सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतला. शहर त्याआधी विहिरींवर जगत होतं. या कामातली हुशारी म्हणजे उतार: तलाव उंचावर, शहर खाली, त्यामुळे पाणी पंपाशिवाय, आपल्या पायांनी गावात आलं. शहराच्या पूर्व भागात नरक चतुर्दशीला उटणं लावून अजून त्याच पाण्याने अंघोळ होते. पण उताराला आपण कोणतं पाणी बोलावलंय आणि कोणतं नाही, हे कळत नाही. ज्या उताराने नळाला पाणी आलं, त्याच उताराने पूरही येतो. 214 फुटांपर्यंत भरू शकणारा तलाव म्हणून पावसाळ्यात 211-212 वर रोखतात आणि त्यापुढचं पाणी 62 दरवाजांतून विश्वामित्रीत सोडतात. इथेच खरी ओढाताण आहे. पिण्यासाठी तलाव भरलेला हवा, पुरासाठी रिकामा हवा. महाराष्ट्रातले पाटबंधारे खात्याचे लोक याच हिशेबाला जलाशय परिचालन सूची म्हणतात, म्हणजे कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचं याचं कोष्टक. कोष्टक जुन्या पावसावर बेतलेलं असतं. पाऊस मात्र जुना राहिलेला नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं आणि ते उतरतं तेव्हा चार महिन्यांत वाटून उतरत नाही. 31 जुलै 2019 ला या शहरात एका दिवसात जवळपास 20 इंच पडला, वर्षाच्या पावसाच्या निम्म्याच्या आसपास. 2024 मध्ये ज्या प्रणालीने आम्हाला बुडवलं, ती जमिनीवरून रेंगाळत अरबी समुद्रात गेली आणि तिथे 'असना' चक्रीवादळ झाली. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ, हे 1976 नंतर पहिल्यांदा.

म्हणजे दोष पावसाचा? तसं म्हणून सुटता येत नाही. 2024 नंतर आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी गुजरातभरच्या पावसाचा हिशेब मांडला. वडोदऱ्याबाबत त्यांनी बोट ठेवलं ते पसरलेल्या बांधकामांवर, भराव घालून बदललेल्या जमिनीच्या उंचीवर आणि तुंबलेल्या निचऱ्यावर. हे वाचून मला भूखी कांस आठवली. बाहेरच्या वाचकासाठी: कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेऊन घालणारा जुना ओहोळ. भूखी, मसिया, रूपारेल अशी त्यांची नावं आहेत. भूखी तर विद्यापीठाच्या आवारातून जाते. पूर्वी कांस गावाला ठाऊक असे, तिच्या वाटेत कोणी ओटासुद्धा बांधत नसे. आता कुठे तिच्यावर स्लॅब, कुठे पार्किंग. पाण्याची स्मरणशक्ती चांगली असते वगैरे वाक्य इथे टाकायचा मोह होतोय. तो आवरतो. पाण्याला काही आठवत नाही, ते सखल जागा शोधतं एवढंच. विसरलो असलो तर आपण.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग असाच फसवा. तो आला की पुढची नव्व्याण्णव वर्षं निवांत, अशी आमच्या सोसायटीची समजूत होती. त्याचा अर्थ इतकाच, की तेवढं पाणी येण्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक. तीस वर्षांचं घराचं कर्ज घेतलंत तर हप्ते फिटेपर्यंत तो दारात येण्याची शक्यता शंभरात सव्वीस होते. बँकेच्या कागदावर व्याजदर असतो, हा आकडा नसतो. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना निळी रेषा, लाल रेषा हे शब्द पाठ आहेत. पंचवीस वर्षांच्या पुराची निळी, शंभर वर्षांच्या पुराची लाल. रेषा आखल्या म्हणून 2019 चा पूर टळला नाही, हे खरं. पण भांडायला निदान रेषा तरी आहे. आमच्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने मे 2021 मध्ये विश्वामित्रीची पूरक्षेत्रं निश्चित करा, अतिक्रमणं काढा, असं सांगितलं. तीन वर्षांनी नदीनेच सगळी आखणी करून दाखवली.

2025 च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे 24 किलोमीटर पात्रातला गाळ काढण्याचं आणि पात्र रुंदावण्याचं काम शंभर दिवसांच्या मुदतीत धडाक्याने झालं. काम झालं ते बरं झालं, खोटं कशाला बोलू. नदीत प्लास्टिक किती होतं ते मी काठावर उभं राहून पाहिलं आहे. तरी एक शंका बोलून दाखवतो. खोल पात्र पाणी लवकर पुढे नेतं. पुढे ढाढर नदी आहे. ढाढरच तुडुंब असेल, तर आमचं पाणी थांबायचं ते थांबणारच. आणि विश्वामित्रीचा काठ नुसता मातीचा ढीग नाही. त्यात चारशेहून जास्त मगरी राहतात, काठात बिळं करतात, अंडी घालतात. भर शहरात अशी नदी दुसरीकडे दाखवा. काठ सरळ खरवडला की मगर सोसायटीत येते आणि मग आपण म्हणतो, मगर घुसली.

पाणी हाकलण्यापेक्षा वाटेत थोपवणं, हा मार्ग नवा नाही. डच लोकांनी बंधारे उंच करत नेण्याऐवजी बांध मागे सरकवून नद्यांना जागा परत दिली. चिनी शहरांनी त्याला स्पंजाचं नाव दिलं. आम्हाला इतकं लांब जायला नको. आमच्या कार्यालयापासून पाच मिनिटांवर सुरसागर आहे, अठराव्या शतकात दगडी काठ बांधून घेतलेला. मध्ये उभ्या शंकराच्या मूर्तीचे फोटो सगळे काढतात. खालची रचना मात्र दिसत नाही: तलाव भरून वाहू लागला की जमिनीखालच्या दारांतून जादा पाणी विश्वामित्रीकडे काढून देता येतं. आधी धरायचं, मग बेताने सोडायचं. महाराष्ट्राने शेतकऱ्याला 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे पाठ करून घेतलं. शहरात आलो आणि आपण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. मीसुद्धा बसवले होते. चिकूच्या आळ्याभोवतीचे या मे महिन्यात काढले.

उरलेले गठ्ठे आता दांडिया बाजारच्या माळ्यावर आहेत. हमालाने जिन्याचे जास्त पैसे घेतले, दिले.

शेवटी एक काम. अंकाच्या मधल्या पानावर शहराचा नकाशा छापला आहे, नदी आणि कांसांसकट, बाकी कोरा. पुराचं गणित मांडणाऱ्यांना संगणकावरचं पाणी खऱ्या पाण्याशी ताडून पाहायला अशा खुणा लागतात आणि त्या लोकांच्या भिंतींवर असतात. 2005, 2019, 2024, ज्या वर्षाचं आठवत असेल त्या वर्षाचं पाणी तुमच्या घरी कुठवर आलं, ते फूट-इंचात लिहा: उंबऱ्यापासून, ओट्यापासून, फ्रिजच्या कितव्या कप्प्यापर्यंत, जसं जमेल तसं. पेन्सिल चालेल. पाणी आलं नसेल तर तेही लिहा, त्याचीही गरज आहे. मगर दिसली असेल तर बाजूला फुली मारा. पान कापून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालयात आणून द्या. संध्याकाळी पाच ते सात आम्ही असतो. जिन्याची तिसरी पायरी हलते, तेवढं सांभाळा.