व्यापाराने शांतता राहते काय?

देशोदेशींचा व्यापार वाढला म्हणजे युद्धे आपोआप बंद पडतील, गिऱ्हाइकाचा गळा कोणता शहाणा दुकानदार कापील, असा युक्तिवाद आमचे पुष्कळ व्यापारी बंधू मोठ्या विश्वासाने करीत असतात. युक्तिवाद गोड आहे खरा; पण इतिहास त्याला साक्ष देत नाही. 1914 साली इंग्लंड व जर्मनी ही परस्परांची मोठी गिऱ्हाइकेच होती. तथापि ऑगस्ट उजाडताच वह्या मिटल्या व तोफा सुरू झाल्या. 2022 साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हाही रशियाचाच वायू युरोपातल्या चुली पेटवीत होता.

मग शांतता राहते ती कशाने? प्रत्येक राष्ट्र, लहान असो वा मोठे, आपल्या सीमेत स्वतंत्र आहे व ती सीमा शस्त्रबळाने मोडता कामा नये, हा 1945 सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतला करार जेथे पाळला जातो, तेथेच ती राहते. सनदेचे रक्षक म्हणून ज्यांना कायमची आसने दिली, त्यांतलाच एक ती तुडवितो, हे आम्हांस दिसत नाही असे नव्हे. परंतु एका दरोड्यावरून कायदाच व्यर्थ ठरविणे आम्हांस मान्य नाही.

आपल्याच दारातले उदाहरण घ्या. बंगालच्या उपसागरातील सागरी हद्दीचा तंटा बांगलादेशाने 2009 साली लवादापुढे नेला. 7 जुलै 2014 रोजी निकाल लागला. वादातील 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशास मिळाले. (ज्या लहानशा बेटावरून 1981 साली दोन्ही सरकारांत खडाजंगी झाली, ते तोवर समुद्राने गिळलेही होते!) लवादाजवळ एक शिपाई नव्हता, भारताजवळ मोठे आरमार होते. तरी भारताने निकाल मानला. यात देशाचे नाक कापले गेले असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल असा, की 2016 साली फिलिपाइन्सच्या बाजूने लागलेला निकाल चीनने धुडकावला, त्याने शेजाऱ्यांत त्याची पत वाढली काय?

तेव्हा बलिष्ठाने हार मान्य करणे हीच या व्यवस्थेची खरी परीक्षा होय, आणि ती केवळ हद्दींपुरती नाही. जागतिक व्यापार संघटनेतील अपिलाचे न्यायपीठ, अमेरिकेने नव्या नेमणुका अडविल्यामुळे, डिसेंबर 2019 मध्ये बंद पडले. जकात एक टक्का वाढली की सभा भरविणाऱ्या आमच्या व्यापारी मंडळ्यांनी, हे पीठ पुन्हा उभे राहावे म्हणून आपले सरकार काय करीत आहे, हेही दिल्लीस विचारावे.