तारेवरची कसरत

गेल्या रविवारी नाशिकहून मावसभाऊ आला होता. पहिली नोकरी, पहिला पगार, आणि त्या पगाराचं काय करायचं हे जॉइन व्हायच्या आधीच ठरलेलं. नऊ हजारांचा ब्लूटूथ गेमिंग हेडसेट! खोक्यावर '7.1 सराउंड', '50 एमएम ड्रायव्हर' वगैरे, आणि दोन्ही कानांच्या बाहेरच्या बाजूला रंग बदलणारे दिवे. म्हणजे ज्याने घातलाय तो सोडून बाकी सगळ्यांना दिसणारे.

"दादा, ऑर्डर टाकू ना?"

"थांब," म्हटलं. मग पाऊण तास जे बोललो त्याला आमच्या घरात 'लेक्चर' म्हणतात. तेच जरा नीटपणे लिहून काढतोय.

आधी कबुली. मी अजूनही काउंटर-स्ट्राइक खेळतो. कॉलेजात लॅबमध्ये सर गेले की लॅनवर 1.6 सुरू व्हायचं, तिथपासून आज सीएस-2 पर्यंत. ईएमआय आहे, गुडघा दुखतो, तरी खेळतो. आणि हो, मीही हे पाप केलंय. 2021 मध्ये घरून काम चालू असताना असाच एक हेडसेट घेतला (कंपनीचं नाव घेत नाही). दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या गाद्यांचं रेक्झिन सुटायला लागलं आणि खांद्यावर काळे कण पडायला लागले. बायकोला वाटलं नवीन प्रकारचा कोंडा झालाय.

असो. मुद्द्याला येतो.

शूटर गेममध्ये आवाज म्हणजे संगीत नव्हे, माहिती. डस्ट टूवर बोगद्यातून कोणी पळत येतंय का, एक की तीन, किती लांब. डोळ्यांना भिंत दिसते, कानांना भिंतीपलीकडचा माणूस 'दिसतो'. आता ही माहिती कानाला मिळते कशी? दोन कानांत अंतर ते किती, वीसेक सेंटीमीटर. पूर्ण उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानात साधारण 0.6 ते 0.7 मिलिसेकंद उशिरा आणि थोडा दबून पोहोचतो. एवढ्याशा फरकावर मेंदू डावं-उजवं ठरवतो. लॉर्ड रेलेने हे 1907 मध्येच मांडून ठेवलंय. वर-खाली आणि पुढे-मागे मात्र कानाच्या पाळीच्या घड्यांवरून कळतं. त्या घड्यांवर आपटून आवाजाचा पोत बदलतो, तो मेंदूने लहानपणापासून पाठ केलेला असतो.

इन-इअर थेट कानाच्या नळीत बसतो, म्हणजे पाळी बाद. मग? मग ते काम गेम करतो. एचआरटीएफ नावाचं गणित असतं, ते आवाजाला जणू एका सरासरी डोक्यावरून आणि सरासरी पाळीवरून फिरवून आणतं. सीएस:गोमध्ये हे 2016 मध्ये आलं, व्हॅलोरंटमध्ये 2021 मध्ये. या गणितातून बाहेर काय पडतं? दोन चॅनल. डावा, उजवा. बस्स! ते दोन चॅनल जसेच्या तसे दोन कानांत सोडले की काम झालं.

आता त्या '7.1' कडे या. हेडसेट उघडून बघा, आत बहुतेक वेळा दोनच स्पीकर असतात. बाकीचे सगळे सॉफ्टवेअरमधले. म्हणजे गेमने एकदा आवाज फिरवून दिला, त्यावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरने पुन्हा फिरवला. वरणाला फोडणी देऊन झाल्यावर शेजारणीने येऊन परत फोडणी द्यावी, तसं. सगळं कसं घुमल्यासारखं 'भव्य' वाटतं, आणि न्यूकवर माणूस वरच्या ए साइटवर आहे की खालच्या बीवर, काही कळत नाही. सिनेमा बघायला ठीक आहे हो. पण हा सिनेमा नाही.

"बरं, 7.1 बंद ठेवतो," भाऊ म्हणाला. "पण वायर कशाला? ब्लूटूथमध्ये आता लॅग नसतो."

नसतो?! साध्या एसबीसी कोडेकवर ब्लूटूथचा उशीर साधारण 150 ते 250 मिलिसेकंद. 200 धरा. हातात चाकू घेऊन पळणारा खेळाडू सीएसमध्ये सेकंदाला 250 युनिट जातो, म्हणजे 200 मिलिसेकंदांत 50 युनिट. खेळाडूची रुंदी 32 युनिट. पाऊल तुम्हाला ऐकू येईपर्यंत तो स्वतःच्या रुंदीच्या दीडपट पुढे गेलेला असतो. 'गेम मोड'ने उशीर कमी होतो, मान्य. पण तारेइतका नाही होत.

आणि उशीर परवडला, अशी दुसरी गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. टीमशी बोलायला ब्लूटूथ हेडसेटचाच माइक चालू केलात की पीसीवर तो सहसा हँड्सफ्री प्रोफाइलवर जातो. स्टिरिओ जातं, राहतो मोनो, फोनवर बोलल्यासारखा. म्हणजे नऊ हजार देऊन घेतलेल्या हेडसेटमध्ये डावं आणि उजवं एकच! उशिरामुळे निदान दिशा तरी शाबूत होती, इथे तीही गेली. नवीन एलई ऑडिओ यावर उपाय करतोय, पण तो हेडसेट आणि कॉम्प्युटर दोघांत असावा लागतो.

2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल असलेले हेडसेट याला अपवाद, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्यांचा उशीर चालून जातो. फक्त पैसे जास्त जातात, आणि ओव्हरटाइमच्या मध्यावर चार्जिंग संपतं.

मोठ्या स्पर्धांचे फोटो बघा. डोक्यावर प्रायोजकाचा भला मोठा हेडसेट. पण नीट पाहिलंत तर त्याच्याखालून बारीक वायर येताना दिसते. गेमचा आवाज अनेकदा कानातल्या इन-इअरमधून येतो, आणि वरच्या हेडसेटमधून प्रेक्षकांचा कल्ला दाबायला व्हाइट नॉइज सोडलेला असतो. जाहिरात बाहेर, काम आत. आपण बाहेरचं बघतो आणि कार्ड काढतो.

पण माझा खरा राग पैशांवरून नाही. आमचा फ्लॅट रस्त्याला लागून. वर फॅन, आत मिक्सर, खाली रिक्षा. माझ्या त्या फुगीर हेडसेटच्या गाद्यांतून हे सगळं आत यायचं आणि पावलं ऐकायला मी आवाज वाढवत जायचो. पावलं हळू, पण एडब्ल्यूपीचा बार त्याच व्हॉल्यूमवर कानाशेजारी फुटायचा. वर्षभर शनिवार-रविवार हेच. मग रात्री सगळं शांत झालं की कानात बारीक शिट्टी. डॉक्टरांनी तपासून आलेख दाखवला, 4,000 हर्ट्झपाशी खड्डा. "फॅक्टरीत काम करता का?" म्हणाले. काय सांगणार! आतल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत, एवढं मात्र त्यांनी नीट समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 झालं की फक्त चार तास. चार तास म्हणजे माझी शनिवारची एक बैठक.

इन-इअर नीट घट्ट बसला की बाहेरचा गोंगाट बराच खाली जातो, आणि मग आवाज वाढवायची गरजच उरत नाही. दीड-दोन हजारांत मूनड्रॉप चूसारखा चांगला इन-इअर येतो. खोक्यात तीन मापांच्या रबरी टिप असतात, त्या लावून बघा. निम्मे लोक आहे ती मधली घालून 'बास नाही' म्हणत फिरतात. डेस्कटॉपला माइकचं आणि हेडफोनचं भोक वेगळं असेल तर स्प्लिटर लागेल. पुढच्या जॅकमधून खरखर आली तर मागचा वापरा.

दुपारी नवी टिप लावून माझाच इन-इअर भावाला दिला. न्यूक लागला. दहा मिनिटांनी ओरडला, "दादा, खाली आहे रे, बीला!" खरंच बीला होता. हा वळला, खुर्चीच्या हाताला वायर अडकली, उजवा कान सुटला आणि गेला बिचारा.

"बघ! म्हणून वायरलेस," तो म्हणाला.

"म्हणून शर्टाला क्लिप," मी म्हणालो.

नऊ हजारांचा हेडसेट अजून त्याच्या कार्टमध्येच आहे. मला खात्री वाटत नाही.