गच्चीकडून किती मागावे?

बेंगळुरूत गच्चीवर भाजी पिकवणे हा आता चार हौशी माणसांचा छंद राहिलेला नाही. कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी या शहराला कुंडीतल्या सेंद्रिय शेतीची गोडी लावली. २०११ पासून ‘ऊटा फ्रॉम युवर तोटा’ या नावाने, म्हणजे आपल्याच बागेतले जेवण जेवा असे सांगत, मेळे भरू लागले. पण घराचे जेवण खरोखर गच्चीतून निघेल का?

आधी हिशेब मांडू. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या सुचवते. म्हणजे चौघांच्या घराला वर्षाकाठी जवळपास सहा क्विंटल. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरच्या घराची गच्ची बाराशे चौरस फुटांहून कमीच भरते. त्यातून पाण्याची टाकी, सोलर आणि कपड्यांच्या दोऱ्या वजा करा. कोबी-फ्लॉवर महिनोन्महिने जागा अडवतात आणि शेवटी एकेक गड्डा देतात. कांदा-बटाटा, डाळ-तांदूळ बाजारातूनच येणार. शिवाय एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या आसपास जाते. स्लॅब तेवढा भार पेलेल का, हे आधी पाहावे लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची तर गच्चीही स्वतःची नसते.

तरीही बाग निकालात काढणे घाईचे ठरेल. नऊशे मीटर उंचीवरची इथली हवा पालेभाजीला जवळजवळ बारमाही मानवते. माठ, मेथी महिन्याभरात खुडायला येतात. मायाळू, कढीपत्ता, मिरची पुन्हापुन्हा देत राहतात. पालेभाजीच सर्वांत लवकर कोमेजते, आणि ती कोणत्या पाण्यावर वाढली याची शंकाही तिच्याच बाबतीत अधिक. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या वृषभावती नदीच्या काठी भाजीपाला पिकतो, हे बेंगळुरूकरांना ठाऊक आहे. घरच्या जुडीबद्दल ती शंका उरत नाही.

खरी कसोटी पाण्याची. मार्च २०२४ च्या टंचाईत जलमंडळाने बागेला पिण्याचे पाणी घालण्यास बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेली कावेरी कुंडीत ओतणे शेजाऱ्यावर अन्यायच आहे. पण बाराशे चौरस फुटांच्या त्याच प्लॉटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे अकरा हजार लिटर पाणी मिळते, आणि शहरात वर्षाला नऊशे मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. अडचण साठवणीची आहे: पाऊस मुख्यतः मे ते ऑक्टोबर, आणि तहान फेब्रुवारीपासून.

म्हणून कौल असा: गच्चीकडून पालेभाजी आणि फोडणीपुरती मिरची-कढीपत्ता-कोथिंबीर मागावी, त्याहून अधिक नको. बागेचा आकार चौरस फुटांवरून न ठरवता पावसाच्या टाकीवरून ठरवावा. फेब्रुवारी ते एप्रिल निम्म्या कुंड्या रिकाम्या ठेवाव्यात; उरलेल्या कुंड्या भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तगतात. अपार्टमेंटच्या मंडळांनीही सरसकट नकार देण्याऐवजी इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्यावा आणि जितका भार झेपेल तितकी जागा रहिवाशांना द्यावी. बाकीची पिशवी मंडईतच भरायची आहे. भाजीवाल्याशी नाते तोडण्याचे कारण नाही.