संशय खरा ठरतो तेव्हा

१९६७चा ‘द प्रेसिडेंट्स ॲनालिस्ट’ हा हेरपट आवर्जून पाहावा. अमेरिकेच्या अध्यक्षांची गुपितं ऐकणारा मानसोपचारतज्ज्ञ (जेम्स कोबर्न) येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घेऊ लागतो. आपण त्याला हसतो, आणि त्याचा संशय खरा निघतो! मागावरच्या हेरांपासून पळताना तो ज्या उदारमतवादी म्हणवणाऱ्या उपनगरी कुटुंबाकडे आसरा घेतो, त्यांच्या घरातही पिस्तुलं असतात. हे फार झोंबतं. पण दिग्दर्शक थिओडोर फ्लिकर यांचा खरा वार हेरसंस्थांवर नाही, फोन कंपनीवर आहे. तिला प्रत्येकाच्या मेंदूत फोन बसवायचाय, आणि त्यासाठी अध्यक्षांना वळवायला हा डॉक्टर हवाय. तिच्याविरुद्ध अमेरिकी आणि रशियन हेर खांद्याला खांदा लावून लढतात. ऐन शीतयुद्धात हे पडद्यावर दाखवायला छाती लागते.